मुमटीची सावली

आमच्या ऑफिसातल्या पाचपोर सरांबद्दल चार चांगले शब्द लिहावेत म्हणून बसले, आणि बराच वेळ नुसतीच बसून राहिले. एक शब्द सुचेल तर शपथ. मग म्हटलं, जाऊ दे, जसा माणूस होता तसाच लिहावा. त्यांना तरी कोणाचं गोड बोलणं कधी चाललं होतं?

खामगावात कापूस मार्केटच्या मागच्या गल्लीत आमच्या इंजिनिअर साहेबांचं ऑफिस. घरांचे नकाशे काढायचं काम माझं आणि त्याच घरांचे थ्रीडी काढायचं काम पाचपोरांचं. थ्रीडी म्हणजे घर बांधून झाल्यावर कसं दिसेल त्याचं कॉम्प्युटरवरचं चित्र. आता संग्रामपूरपासून साखरखेर्ड्यापर्यंत कोणीही दोन खोल्या काढायच्या म्हटलं की आधी थ्रीडी मागतो, पाहुण्यांच्या ग्रुपवर टाकतो आणि मग पाया खोदतो. आमची टेबलं समोरासमोर होती, मधे पाण्याचा माठ. इतकी वर्षं त्या माणसाचं तोंड मी पाहिलं, त्यामुळे लिहायचा हक्क माझाच.

उंच, हडकुळे, चष्मा कपाळावर चढवलेला, भर मे महिन्यातही शर्टाच्या बाह्यांची बटणं लावलेली. रागावले तर काही भीती नसायची. हसले की मात्र समजायचं, समोरच्याचं आता काही खरं नाही.

दुसऱ्या दुकानात काढलेलं थ्रीडी घेऊन कोणी आलं की ते हसायचे. त्या चित्रांत काय असतं, सगळ्यांना माहीत आहे. निळंभोर आभाळ, हिरवळ, दारात परदेशी गाडी, आणि कुठून तरी चिकटवलेली गोरी बाई कुत्रं घेऊन चाललेली. पाचपोर चष्मा खाली घ्यायचे आणि बोट ठेवायचे. "झाडाची सावली इकडं पडली, गाडीची तिकडं. म्हणजे तुमच्या घरावर दोन सूर्य आहेत. आन् ही बाई पाहा, हिच्या पायाखाली सावलीच नाही. हवेत लटकली आहे. फाशी घेतली काय तिनं?" माणूस हौसेनं आलेला असायचा, तो चित्र गुंडाळून निघायचा.

त्यांच्या स्वतःच्या चित्रात खोटं काही नसायचं. शेजाऱ्याची पोपडे आलेली भिंत असायची, गच्चीवरची काळी टाकी असायची, विजेचा खांब दारातच असेल तर दारातच. आणि ऊन खरं. नुसतं पिवळं फासलेलं नव्हे. कोणता महिना, किती वाजले, सूर्य तेव्हा कुठं, किती वर, हे सगळं घालून मग चित्र हिशोबाला लावायचे. कॉम्प्युटरचा पंखा घरघरायला लागायचा, पडद्यावर आधी नुसते दाणे दिसायचे, आणि मग हळूहळू त्या दाण्यांतून भिंत, खिडकी, फरशीवरचा उन्हाचा चौकोन वर यायचा. मला एकदा, कधी नव्हे ते, त्यांनी नीट समजावून सांगितलं होतं.

"शोभाबाई, फरशीवरचा एकेक ठिपका सूर्याले विचारते, मी तुले दिसतो काय? दिसला का ऊन. मधात कोणी उभं राह्यलं का सावली. बस, एवढंच आहे."

आणि एवढंच नव्हतं, हे पण तेच सांगायचे. भिंतीवर आपटून परत आलेला उजेड वेगळा, त्याचा हिशोब वेगळा. लाल भिंतीशेजारी पांढरा पडदा असेल तर पडद्यावर लाली यायची. सावली बुडाशी धारदार आणि टोकाला पातळ व्हायची. हे सगळं पाहताना त्यांचा चेहरा जरा माणसासारखा व्हायचा. पण तेवढ्यात कोणी गिऱ्हाईक दारात आलं की संपलं.

साखरखेर्ड्याचं एक कुटुंब आलं होतं. सासू, सासरे, मुलगा आणि नवी सून. सुनेच्या अंगावरची हळद अजून गेली नव्हती. स्वयंपाकघर पश्चिमेला येत होतं आणि सासऱ्यांना तेच तिथं पाहिजे होतं. पाचपोरांनी वैशाखातली दुपार धरली आणि चित्र काढलं. ओट्यावर डोळे दिपतील असं ऊन, गॅसची शेगडी त्या उजेडात दिसेनाशी झालेली. मग खुर्ची वळवून त्यांनी थेट त्या पोरीलाच सांगितलं, "पाहून घ्या. इथंच जाणार आहे तुमचं सारं आयुष्य." पोरगी सगळ्यांसमोर रडायला लागली. सासरे उठले. आम्ही घर पाहाले आलो का मयत पाहाले, असं म्हणून चहासुद्धा न घेता निघून गेले.

घर त्यांनी तसंच बांधलं, दुसऱ्याकडून. वास्तुशांतीचं बोलावणं साहेबांना होतं, त्यांच्याबरोबर मी गेले. बाहेर मांडव होता आणि आत ती पोरगी खिडकीला ओलं पोतं बांधून, पदर तोंडावर ओढून पुऱ्या तळत होती. मी ऑफिसात येऊन हे पाचपोरांना सांगितलं. वाटलं, बिचारी म्हणतील. त्यांनी एवढंच विचारलं, ऊन ओट्याच्या डाव्या टोकापासून सुरू होत होतं ना? मी हो म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं.

काचेच्या दुकानाचे हमीदभाई आमचे जुने ओळखीचे. नवीन घराच्या चित्रात दारापुढच्या ओट्यावर वडील बसलेले दाखवा, असं म्हणत आले. वडील नुकतेच वारले होते. घर त्यांच्याच मनातलं होतं, आणि ते मनातच राहून गेलं. हमीदभाईंनी लग्नातला एक फोटो आणला होता. पाचपोरांनी तो खिडकीशी नेऊन पाहिला. फोटोतला उजेड समोरून फ्लॅशचा, ओट्यावरचं ऊन कडेचं, हे जमणार नाही, इतकं सांगून गप्प बसायचं ना! पण नाही. "तुमच्या बापाले सावली देता येत नाही हमीदभाई. मेलेल्या माणसाले सावली नसते." हमीदभाईंनी फोटो रुमालात गुंडाळला, माझ्याकडे पाहून मान हलवली आणि गेले. मी पाचपोरांशी नंतर काही दिवस बोलले नाही. ते त्यांच्या लक्षातही आलं नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

आता एक धंद्यातली गोष्ट सांगायला हवी. आमच्या गावात पूर्वेला तोंड नसलेलं घरच नाही. कोणालाही विचारा. रस्ता कुठंही जात असो, दार रस्त्याकडे आणि रस्त्याची ती बाजू म्हणजे पूर्व. वास्तूचा खोडा आहे ना! स्वयंपाकघर आग्नेयेला बसत नसेल तर नकाशावरचा उत्तरेचा बाण माउसनं धरायचा आणि जरासा फिरवायचा. बसलं आग्नेयेला. हे मीच नाही, सगळ्याच ऑफिसांत चालतं, गिऱ्हाईक खूश, साहेब खूश. पाचपोर मात्र माझ्या नकाशावरच्या बाणाकडे बघतसुद्धा नसत. "उत्तर दिशा काय पदराले बांधून फिरता काय शोभाबाई?" असं एकदा साहेबांसमोर म्हणाले. मोबाईलच्या होकायंत्रावरही त्यांचा विश्वास नव्हता, म्हणायचे लोखंडाच्या सळाखी जवळ असल्या की ते बहकतं. ऑफिसच्या कोपऱ्यात त्यांची एक सरळ काठी असायची. ती घेऊन ते प्लॉटवर जायचे, मधोमध रोवायचे, दुपारच्या आधी सावलीच्या टोकाला फक्कीची, म्हणजे पांढऱ्या चुन्याच्या भुकटीची, खूण करायचे, दुपारनंतर सावली परत तेवढीच लांब झाली की दुसरी खूण. दोन खुणा जोडल्या की खरी पूर्व-पश्चिम. तोवर उन्हात उभे. मालकानं छत्री आणली तर म्हणायचे, तुमची सावली मधात आणू नका.

गावातल्या किती तरी माणसांना त्यांनी सांगितलं, तुमचं घर पूर्वेचं नाही. काही जणांची तोंडं तेव्हा जी उतरली ती अजून उतरलेलीच आहेत.

आणि इतकं असून त्या माणसानं एक घर कधी मोजलं नाही. स्वतःचं.

त्यांचं घर वडिलांनी बांधलेलं. वडिलांना सगळे अण्णा म्हणत. अण्णा रोज सकाळी दारात उभे राहून सूर्याला पाणी द्यायचे आणि आपलं घर अगदी पूर्वेचं आहे म्हणून सांगायचे. पाचपोर हे ऐकतच मोठे झाले. काही गोष्टी माणूस तपासत नाही, त्यातली ही एक. घराची मागची एक खोली तेवढी दक्षिणेच्या उन्हाची. त्या खोलीत खिडकीला लागून खाट, आणि खाटेवर कुसुमवहिनी, पाचपोरांची बायको. लकव्यानं डावी बाजू गेलेली. आडवा बांधा, हाडं मोठी, आणि चार माणसांनी उचललेलं त्यांना बिलकुल खपायचं नाही. मले पोत्यासारखं उचलाचं नाही, असं त्यांनी बजावून ठेवलं होतं. बाहेरची खोली रस्त्यावर, समोरच्या गोदामाच्या सावलीत. म्हणून हीच खाट आणि हीच खिडकी.

डावा हात त्यांचा मुठीसारखा आवळलेला असायचा. थंडीच्या दिवसांत दुपारी खिडकीतून ऊन त्या हातावर यायचं आणि बोटं थोडी उकलायची. मी पाहिलं आहे. त्या वेळी वहिनी उजव्या हातानं डाव्याचं एकेक बोट सरळ करायच्या, नखं कापून घ्यायच्या, तळव्याला तेल लावून घ्यायच्या. ऊन गेलं की मूठ परत आवळायची. हिवाळाभर त्यांचा दिवस म्हणजे तेवढाच.

त्या खिडकीसमोरचा रिकामा प्लॉट पाचपोरांच्या धाकट्या भावाच्या, रमेशच्या वाट्याला आलेला. रमेश कापसाच्या जिनिंगमध्ये सुपरवायझर, गरीब स्वभावाचा. उन्हाळ्यात तो घराचा नकाशा काढायला आमच्याकडेच आला. एक मजली घर आणि गच्चीवर जाणाऱ्या जिन्यावर खोलीवजा छत. त्याला आम्ही मुमटी म्हणतो. घरातली सगळ्यात उंच जागा तीच. रमेशनं ती रस्त्याकडे, गोदामाच्या बाजूला धरली होती.

पाचपोरांनी दोन्ही घरं कॉम्प्युटरवर उभी केली. खिडकी, खाट, खाटेवरची उशीसुद्धा. दिवाळी धरली, संक्रांत धरली, होळी धरली. तीन चित्रं. मग रमेशला बोलावलं आणि दाखवलं, मुमटी तिथं ठेवली तर हिच्या हातावरचं ऊन जाते. दुसऱ्या टोकाला घे, म्हणजे सावली येईल ती दुपार कलल्यावर, तवा तिचं काम आटोपलेलं असते. रमेश म्हणाला, दादा, तिकडं देवघर आहे, बायकोनं मोठ्या हौसेनं काढून घेतलं आहे. पाचपोर हसले. मी माठातून पाणी घेत होते, ते हसू पाहून तिथंच थांबले.

"तुह्या बायकोले देव कुठंही बसवता येते. माही बायको मी कुठं नेऊन ठेवू? आन् तुले नकाशातलं काय कळते बे रमेश? लहानपणी सायकल भिंतीवर नेणारा तू."

रमेशनं मान खाली घातली. मुमटी दुसऱ्या टोकाला गेली, जिना उलटा झाला, देवघर जिन्याखाली गेलं. त्याच्या बायकोनं त्यानंतर पाचपोरांच्या घरी पाऊल टाकलं नाही. कुसुमवहिनींनी नवऱ्याला विचारलं होतं म्हणे, ऊन नक्की येईल ना? ते म्हणाले, इकडची दुनिया तिकडं झाली तरी येईल.

दिवाळी झाली. रमेशच्या मुमटीला रंगसुद्धा लागला. एके दिवशी पाचपोर ऑफिसात आले, कोपऱ्यातली काठी उचलली आणि निघून गेले. त्या दिवशी कोणत्याच प्लॉटवर जायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा शर्टाच्या बाहीला फक्की लागलेली होती. बसल्या बसल्या त्यांनी स्वतःच्या घराची फाइल उघडली आणि उत्तर दिशा फिरवली. थोडी नाही, चांगली फिरवली. अण्णांच्या वेळी रस्ताच तिरपा गेलेला होता, आणि घर रस्त्याला धरून, दाराचं तोंड ईशान्येला करून बांधलेलं होतं, बाकी सगळ्या गावासारखं.

चित्र तयार झालं. मुमटीची सावली बरोबर खाटेवर. उशीवर, छातीवर, हातावर. ऊन सकाळी जरा डोकावत होतं आणि नेमकं कामाच्या वेळी जात होतं. मग त्यांनी मुमटी उचलून रमेशनं आधी धरली होती त्या जागी ठेवली आणि चित्र परत लावलं. पंखा घरघरत होता. मी उठून त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले, त्यांनी हटकलं नाही. दाण्यांतून हळूहळू खाट वर आली. सगळी उन्हात होती.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. ती साखरखेर्ड्याची पोरगी आठवली, हमीदभाईंचा रुमाल आठवला, माझे स्वतःचे किती तरी दिवस आठवले. मग ती मूठ आठवली आणि बरं वाटणं तिथंच थांबलं. मी म्हटलं, सर, रमेशभाऊंनी पहिल्यांदा धरली होती तिथंच ठेवली असती तर आलं असतं की ऊन.

पाचपोर पडद्याकडे बघतच म्हणाले, "माह्या हिशोबात चूक नाही. अण्णानं घर वाकडं बांधलं."

गावात ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. ज्यांची घरं पूर्वेची नाहीत असं त्यांनी सांगितलं होतं ते सगळे मुद्दाम आमच्या ऑफिसात यायचे आणि सहज विचारायचे, पाचपोर सर, वहिनीची तब्येत कशी आहे, ऊन घेतात की नाही? त्यातल्या एकालाही मी थांबवलं नाही.

आणि मग रमेश आला. जिनिंगमधून थेट, डोक्यावर कापसाची धूळ तशीच. साहेब होते, मी होते, दोन गिऱ्हाईकं होती. तो भावाच्या टेबलासमोर उभा राहिला.

"दादा, मुमटी मी उद्या पाडतो. मिस्त्रीले सांगून ठेवलं. फक्त एक डाव म्हण, रमेश, माहं चुकलं. एवढंच. लहानपणापासून मीच म्हणत आलो तुले."

पाचपोरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, पुसला, परत चढवला.

"तुह्या घराची मुमटी आहे. ठेवाची का पाडाची, तू पाहून घे."

रमेश आला तसा गेला. मिस्त्री आला नाही. मी त्या दिवशी तोंड उघडलं, सर, एक शब्दानं काय जातं हो तुमचं? त्यांनी मला नकाशातली एक चूक दाखवली. चूक खरी होती.

पुढं ऐकलं की पाचपोर हमीदभाईंच्या दुकानात माणसाएवढा आरसा घ्यायला गेले होते. हमीदभाईंनी विचारलं, "काऊन सर, तोंड पाहाले?" पाचपोरांनी पैसे मोजून ठेवले. हमीदभाईंनी आरसा दिला, कडा घासून दिल्या आणि हातगाडीवर नीट बांधूनही दिला.

होळीपासून सूर्य वर चढतो, तेव्हा मुमटीच्या डोक्यावरून ऊन परत खाटेवर येणार होतं. तेही पाचपोरांनी काढून ठेवलं होतं, आणि ते बरोबर निघालं. ऊन आलं. कुसुमवहिनी त्याच्या थोड्या दिवस आधी गेल्या. पाचपोर मग काम सोडून लेकीकडे राहायला गेले. रमेशची मुमटी आहे तिथंच आहे. आता आमच्या ऑफिसात थ्रीडी काढणारी मुलगी सूर्याला बोटानं ओढून पाहिजे तिथं ठेवते, आणि गिऱ्हाईक खूश असतं.

मी पाचपोरांना आणि वहिनींना एकत्र शेवटचं पाहिलं ते संक्रांतीला. वहिनींना हळदीकुंकू लावायला गेले होते. फाटक लोटलं तर अंगणाच्या पार टोकाला, जिथं उन्हाची एक पट्टी उरली होती, तिथं पाचपोर उभे. रंगाच्या रिकाम्या डब्यावर तो आरसा टेकवलेला आणि दोन्ही हातांनी धरलेला. आरशातलं ऊन खिडकीतून आत जात होतं. वर गच्चीच्या कठड्याशी रमेश उभा होता, मुमटीला टेकून, हाताची घडी घालून. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते.

मी आत गेले. उन्हाचा एक चौकोन खोलीभर थरथरत फिरत होता. छतावर गेला, भिंतीवर आला, वहिनींच्या तोंडावर पडला. त्यांनी चांगल्या हातानं डोळे झाकले. मी कुंकू लावलं, तिळगूळ तोंडात घातला, वाण उशाशी ठेवलं. किती दिवस चाललं आहे हे, म्हणून विचारलं. रोजच, त्या म्हणाल्या. जेवण झालं का उभे राहतात, पट्टी सरकेपर्यंत.

मग त्यांनी खिडकीकडे तोंड करून आवाज दिला.

"अवो, ठेवा तो आरसा खाली. एक शब्द तर बोलाचा आहे तुम्हाले. रमेश वरच उभा आहे."

मी खिडकीतून पाहिलं, रमेशनं हाताची घडी सोडली होती आणि तो कठड्यावरून खाली वाकला होता. पाचपोर आरशाकडेच बघत होते.

"हात हालवू नको," बाहेरून आवाज आला. "आता बसते बराबर."

चौकोन भिंतीवरून उतरला, गोधडीवरून सरकत सरकत आला आणि त्या आवळलेल्या मुठीवर येऊन थांबला. अगदी मधोमध. कुसुमवहिनींनी मुठीकडे पाहिलं. बोटं काही उकलली नाहीत. त्यांनी चांगल्या हातानं गोधडी ओढली आणि मूठ आत झाकून घेतली. ऊन गोधडीवर पडून राहिलं.

"बसलं काय?" पाचपोरांनी विचारलं.

"हाव," वहिनी म्हणाल्या, "बसलं." आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.